थांबलेल्या काट्यांना सुट्या भागांची प्रतीक्षा

जालना, प्रतिनिधी

लोखंडी कपाटाच्या आतल्या खणात, दागिन्यांच्या रिकाम्या डब्या आणि जुन्या पासबुकांच्या शेजारी, अनेक घरांत एक घड्याळ पडून असते. पट्टा कुजलेला, काच पिवळी पडलेली आणि तबकडीवर 'जनता' ही देवनागरी अक्षरे. वडिलांना ते लग्नात मिळालेले असते, किंवा आजोबांनी नोकरीच्या पहिल्या काही पगारांतून पैसे साठवून घेतलेले असते. जालना शहरात, अंबड-परतूरकडे, भोकरदन-जाफराबादच्या गावांत अशी घरे शोधायला फार हिंडावे लागत नाही. लग्नाच्या बोलणीत सायकल, रेडिओ आणि मनगटी घड्याळ या वस्तू ठरवून घेतल्या जात, तो काळ पाहिलेली पिढी अजून आहे. त्या प्रथेचे गोडवे गाण्याचे कारण नाही; ते घड्याळ वधुपित्याला किती महाग पडले होते, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पण प्रथा गेली आणि घड्याळ मात्र राहिले.

मग एखाद्या दिवशी घरातला मुलगा किंवा नात ते घेऊन बाजारात जाते. रस्त्याच्या कडेला काचेची पेटी मांडून बसलेला घड्याळजी डोळ्याला भिंग लावतो, मागचे झाकण उघडतो, चिमट्याने एखादे चाक हलवून पाहतो आणि झाकण पुन्हा बंद करतो. पार्ट मिळत नाही, एवढेच उत्तर मिळते. घड्याळ पुन्हा कपाटात जाते.

या तीन शब्दांचे अर्थ मात्र वेगवेगळे असू शकतात. तो भाग या दुकानात नाही, पण बाजारात आहे, असा एक अर्थ. तो भाग आता बनत नाही, पण दुसऱ्या एखाद्या बंद घड्याळात शिल्लक आहे, असा दुसरा. आणि तो भाग कोठेच नाही, हाताने घडवावा लागेल, असा तिसरा. ग्राहकाला तिन्ही वेळा एकच उत्तर ऐकू येते. आपल्या घड्याळाच्या बाबतीत यापैकी कोणता अर्थ लागू आहे हे समजून घेतले, तर कपाटातली बरीच घड्याळे पुन्हा चालू शकतात.

घरोघरी एचएमटी

मनगटी घड्याळ सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणण्याचे श्रेय हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीकडे, म्हणजे एचएमटीकडे जाते. जपानच्या सिटिझन कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरूत तिच्या घड्याळ कारखान्याची उभारणी झाली. पुढे श्रीनगर, तुमकुर आणि नैनिताल जिल्ह्यातील राणीबाग येथेही कारखाने निघाले. जनता, पायलट, जवाहर, सोना, कोहिनूर, कांचन ही नावे त्या काळी लोकांना पाठ होती. अंधांसाठी बोटांनी वेळ वाचता येईल असे ब्रेल घड्याळही कंपनीने काढले. शेजारच्या हैदराबादेत ऑल्विन कंपनीने जपानच्याच सीकोच्या सहकार्याने घड्याळे बनवली. जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि रेल्वेने आजही एका बाजूने हैदराबादशी, दुसऱ्या बाजूने मनमाडमार्गे मुंबईशी जोडलेले आहे. त्यामुळे येथील कपाटांत दोन्हीकडचा माल सापडतो.

त्याआधीचा जमाना स्वित्झर्लंडच्या घड्याळांचा. फेवर ल्यूबा ही कंपनी १८६५ पासून भारतात व्यापार करीत होती, तर वेस्ट एंड वॉच कंपनीचे नाव लष्कर आणि रेल्वेतील जुन्या नोकरदारांच्या तोंडी असे. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवण्यासाठी घड्याळांच्या आयातीवर कडक निर्बंध आले. सोन्याप्रमाणे घड्याळेही चोरट्या मार्गाने मुंबईच्या किनाऱ्यावर उतरू लागली. अशा घड्याळांच्या मागे ना कंपनीचे सेवाकेंद्र होते, ना अधिकृत सुटे भाग. एका घड्याळाचा अवयव काढून दुसऱ्याला बसवण्याची आपल्याकडच्या कारागिरांची विद्या या टंचाईतच तयार झाली.

पुढची कथा जगभर सारखीच आहे. सीकोने डिसेंबर १९६९ मध्ये क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. भारतात १९८७ पासून टायटनने क्वार्ट्झ घराघरांत नेले. किल्ली द्यायची गरज नाही, वेळ चुकत नाही, सेल बदलला की झाले. एचएमटी या शर्यतीत मागे पडत गेली आणि अखेर जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. कोट्यवधी घड्याळे लोकांकडे राहिली आणि त्यांचे नवे भाग बनवणारा कारखाना मात्र उरला नाही. आज 'पार्ट मिळत नाही' हे उत्तर मिळते, त्यामागचे मोठे कारण हे आहे.

सेकंदाला पाच ठोके

भाग कोणता गेला आहे हे समजण्यासाठी यंत्राची थोडी ओळख हवी. किल्ली दिली की एका गोल पेटीत पोलादाची लांब पट्टी गुंडाळली जाते. ही मुख्य कमान, कारागिरांच्या भाषेत मेनस्प्रिंग. ती उलगडताना मिळणारी शक्ती चाकांच्या साखळीतून पुढे जाते आणि शेवटी एस्केप व्हील या चाकाच्या दातांपाशी अडते. पॅलेट फोर्क नावाचा लहानसा दुहेरी आकडा तेथे दर वेळी एकेका टप्प्याने चाकाला पुढे सोडतो. या आकड्याला हुकूम देते ते बॅलन्स व्हील. केसाहून बारीक अशा गुंडाळलेल्या बालकमानीच्या, म्हणजेच हेअरस्प्रिंगच्या जोरावर ते मागे-पुढे झुलत राहते. घड्याळ कानाला लावल्यावर ऐकू येते ती याच देवघेवीची टिकटिक.

जनता किंवा पायलटसारखे घड्याळ तासाला १८,००० ठोके देते; म्हणजे सेकंदाला पाच आणि दिवसाला ४ लाख ३२ हजार. तबकडीवर '१७ ज्वेल्स' असे लिहिलेले असते, ते दागिन्यातले खडे नव्हेत. फिरत्या अक्षांची टोके ज्यात बसतात ती कृत्रिम माणकाची बारीक भोके आणि घर्षण होते त्या जागचे तुकडे, असे त्यांचे स्वरूप असते. बाजारात त्यांना मोल नाही; पण पितळ आणि पोलाद झिजले तरी माणिक सहसा झिजत नाही, म्हणून ही यंत्रे पन्नास वर्षे टिकली.

झिजते आणि मोडते ते दुसरेच. रोज सकाळी किल्ली देऊन किल्लीची मूठ, तिचा दांडा आणि कमान गुंडाळणारी चाके घासतात. पावसाळ्यात मुठीच्या फटीतून दमटपणा शिरला की गंज चढायला सुरुवात होते ती दांड्यापासून. जुनी पोलादी कमान एखाद्या दिवशी आपोआप तुटते किंवा ताकद हरवून बसते. सर्वात घातक म्हणजे घड्याळ हातातून पडणे. बॅलन्स व्हीलच्या अक्षाची, म्हणजे बॅलन्स स्टाफची टोके साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीची असतात. फरशीवरच्या एका आपटीत ती मोडतात. हे टाळण्यासाठी माणकाच्या मागे लवचीक स्प्रिंग ठेवण्याची पद्धत १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये रूढ होऊ लागली. सिटिझनने १९५६ मध्ये स्वतःची पॅराशॉक यंत्रणा आणली आणि तीच एचएमटीकडे आली. तबकडीवर 'पॅरा शॉक' असे छापलेले असते, त्याचा अर्थ हा. ही सोय नसलेली जुनी स्विस घड्याळे स्टाफ मोडून बंद पडलेली अधिक आढळतात.

बंद पडलेल्या घड्याळांपैकी अनेकांत मात्र काहीच मोडलेले नसते. तेल वाळून घट्ट झालेले असते, एवढेच. घरच्या घरी शिलाई मशीनचे तेल सोडण्याचा प्रयोग झाला असेल, तर ते पसरून बालकमानीची वेटोळी एकमेकांना चिकटलेली असतात. अशा घड्याळाला सुट्या भागाची नव्हे, पूर्ण उघडून धुण्याची आणि योग्य जागी थेंबाच्या अंशाएवढे तेल देण्याची गरज असते. तेव्हा भाग शोधण्याआधी घड्याळ धुऊन पाहिले आहे का, हा प्रश्न ग्राहकाने जरूर विचारावा.

नाव तबकडीवर, ओळख आत

सुटे भाग दोन जातींचे असतात. काही मापावर मिळतात. काच मिलिमीटरच्या दशांशात व्यास मोजून निवडली जाते. किल्लीची मूठ तिच्या आट्याच्या आणि बाहेरच्या नळीच्या मापावर मिळते. मेनस्प्रिंगला चार मापे लागतात: रुंदी, जाडी, लांबी आणि ज्या पेटीत ती बसते तिचा व्यास. ही मापे जुळली की घड्याळ कोणत्या कंपनीचे आहे याला फारसे महत्त्व राहत नाही. स्वित्झर्लंडमध्ये आजही जुन्या यंत्रांसाठी न गंजणाऱ्या मिश्रधातूच्या कमानी बनतात. त्या जुन्या पोलादी कमानीपेक्षा सरस असतात. म्हणजे कमान तुटली म्हणून घड्याळ निकालात काढण्याचे कारण नाही.

दुसऱ्या जातीचे भाग त्या त्या यंत्राचेच लागतात. चाके, पॅलेट फोर्क, बॅलन्स, किल्ली ओढल्यावर काटे फिरवण्याच्या स्थितीत नेणारे खटके, हे सारे यात येतात. येथे ग्राहकाची आणि पुष्कळदा नवख्या दुकानदाराचीही एक गफलत होते. तबकडीवरचे नाव घेऊन भाग शोधला जातो. शोधायचे असते ते आतल्या यंत्राचे नाव.

विसाव्या शतकात अनेक स्विस घड्याळ कंपन्या आपले यंत्र स्वतः बनवत नसत. ए. शिल्ड, फाँतेनमेलाँ, युनिटास, फेल्सा, पेसो अशा यंत्र बनवणाऱ्या कारखान्यांकडून ते विकत घेऊन त्यावर आपली तबकडी चढवत. १९२६ मध्ये अशा काही कारखान्यांनी एबोश एस. ए. ही एकत्रित कंपनी स्थापन केली. आजचा ईटीए हा कारखाना त्याच कुळातला. परिणाम असा की, बाजारात कोणी ओळखत नाही अशा नावाच्या घड्याळातही अतिशय परिचित यंत्र निघू शकते आणि त्याचे भाग जगभर विखुरलेले असतात. याउलट मोठ्या नावाच्या घड्याळात त्या कंपनीचे खास यंत्र असेल, तर भाग दुर्मीळ. फेवर ल्यूबाने १९६२ मध्ये आणलेल्या २५१ क्रमांकाच्या यंत्रात तर एकाऐवजी दोन कमानपेट्या आहेत. दिसायला सडपातळ, चालायला उत्तम. पण त्याचा भाग दुसऱ्या कोणत्या घड्याळातून मिळण्याची आशा धरू नये.

यंत्राचा हा क्रमांक, कॅलिबर क्रमांक, बहुधा बॅलन्स व्हीलखाली तळपट्टीवर कोरलेला असतो. शेजारी कारखान्याचे चिन्ह असते. भिंगातून तो वाचून कागदावर लिहून घेणे हे शोधातले पहिले आणि सर्वात मोलाचे पाऊल. एचएमटीच्या बाबतीत हे काम सोपे आहे. जनता आणि पायलट दिसायला निराळी. पण त्यांत बहुधा ०२३१ हे एकच यंत्र असते आणि ते सिटिझनच्या जुन्या रचनेवर बेतलेले आहे. म्हणून एकाचे चाक दुसऱ्याला चालते आणि म्हणूनच ही घड्याळे अजून जगवता येतात.

कॅलिबर कळले की भागाचा क्रमांक लागतो. स्विस कारखान्यांनी भागांना क्रमांक देण्याची एक समान पद्धत ठरवून टाकली होती. तिच्यात किल्लीच्या दांड्याचा क्रमांक ४०१, एस्केप व्हीलचा ७०५, पॅलेट फोर्कचा ७१०, बॅलन्स स्टाफचा ७२३ आणि मेनस्प्रिंगचा ७७०. कॅलिबर क्रमांक आणि हा तीन आकडी क्रमांक सांगितला, तर जगातल्या कोणत्याही जाणत्या विक्रेत्याला भाषा न जुळताही नेमके काय हवे ते समजते. मराठवाड्यातल्या एखाद्या जुन्या कारागिराच्या खणात अशा क्रमांकांच्या कागदी पुड्या अजून सापडतात. पुडीवरची शाई उडालेली असते आणि आतला स्टाफ कोरा असतो.

यंत्रावर क्रमांकच नसला तर? त्यासाठीही मार्ग आहे. यंत्राचा व्यास 'लिन' या जुन्या फ्रेंच मापात मोजला जातो. एक लिन म्हणजे सुमारे २.२६ मिलिमीटर. व्यास कळला की तबकडीखालच्या खटक्यांचा आकार पाहायचा. किल्ली ओढल्यावर जागेवर अडकवणारी ४४५ क्रमांकाची पट्टी प्रत्येक यंत्रात वेगळ्या आकाराची असते, जणू बोटांचा ठसाच. अमेरिकेत आणि जर्मनीत छापलेल्या जुन्या सूचीग्रंथांत हे आकार रांगेने काढून दिलेले आहेत. चित्राशी ताडून पाहिले की यंत्राची ओळख पटते.

भाग येतो कोठून

जालन्यासारख्या शहरात शोध सुरू होतो तो शेजारच्याच दुकानापासून. कारागीर एकमेकांकडे भाग मागतात, उसने देतात, बदल्यात दुसरे काही घेतात. तेथे नाही मिळाला तर छत्रपती संभाजीनगर, मग मुंबई. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर घड्याळांचा आणि त्यांच्या साहित्याचा घाऊक व्यापार चालत आला आहे. चोरबाजारात, विशेषतः शुक्रवारी, जुनी घड्याळे मिळतात. पुण्याला रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार याच कारणासाठी शौकिनांना माहीत आहे. देवगिरी एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबई, दिवसभर गल्ल्या पालथ्या घालून रात्री परत, असा एका कमानीसाठीचा प्रवास आजच्या हिशेबात बसत नाही. म्हणून कारागीर चार-सहा घड्याळांची यादी साठेपर्यंत थांबतो. ग्राहकाला 'पंधरा दिवसांनी या' असे सांगितले जाते, त्यामागे पुष्कळदा आळस नसून ही यादी असते.

या बाजारांत मिळणारा माल मुख्यतः दोन प्रकारचा. जुना पण न वापरलेला, म्हणजे कारखाना किंवा दुकान बंद झाल्यावर पुड्यांसकट बाहेर आलेला साठा. हा उत्तम, पण जो गेला तो गेला, पुन्हा भरला जात नाही. दुसरा प्रकार बंद घड्याळांचा. एचएमटीच्या सुट्या भागांचा आजचा मोठा स्रोत हाच आहे. त्याच कॅलिबरची दोन-तीन बंद घड्याळे घ्यायची आणि त्यांतून एक चालू करायचे. निवड करताना एक पथ्य जुने कारागीर पाळतात: आपल्या घड्याळाचा जो भाग गेला आहे, तोच भाग शाबूत असलेले घड्याळ घ्यावे, बाहेरून ते कितीही कळकट असले तरी. हलकेच हलवल्यावर ज्याचे बॅलन्स व्हील मोकळे झुलते, ते घड्याळ फुटक्या काचेचे असले तरी मोलाचे. चकचकीत केस आणि आत गंज, हा सौदा टाळावा. अर्थात, ज्याचे भाग काढले जातात तेही कोणाच्या तरी लग्नातलेच घड्याळ असते. पण त्याला इलाज नाही.

परदेशी विक्रेत्यांकडून टपालाने भाग मागवण्याचा मार्ग आता शहरी ग्राहकाला खुला आहे. त्यात दोन अडचणी येतात. पोस्टेज आणि सीमाशुल्क मिळून भागाच्या किमतीहून अधिक होऊ शकतात. त्यामुळे एका खटक्यासाठी मागवणे परवडत नाही. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. मोठ्या घड्याळ कंपन्या आपले भाग स्वतंत्र कारागिरांना विकण्यास नाखूश आहेत. स्विस घड्याळ उद्योगातील बलाढ्य अशा स्वॉच समूहाने २०१६ पासून आपल्या सुट्या भागांचा पुरवठा अधिकृत केंद्रांपुरता मर्यादित केला आणि युरोपातील घाऊक विक्रेत्यांचा पुरवठा थांबला. ब्रिटनमधील कझिन्स ही विक्रेती कंपनी यावरून न्यायालयात गेली. घड्याळ विकत घेतल्यावर ते कोणाकडून दुरुस्त करून घ्यायचे हे ठरवण्याचा अधिकार मालकाचा की कंपनीचा, असा हा वाद आहे. मोबाइल आणि ट्रॅक्टरच्या दुरुस्तीबाबत जगभर तोच प्रश्न विचारला जात आहे. अधिकृत केंद्रात नेले तर काम चोख होते, यात शंका नाही. मात्र मराठवाड्यातून तेथवर जायचे आणि जुन्या तबकडीऐवजी नवी बसवून मिळायची, ही गोष्ट सगळ्यांना रुचणारी नाही.

तिसरा मार्ग भाग घडवण्याचा. बॅलन्स स्टाफ हा मुळात पोलादाच्या काडीतून लेथवर कातलेला अक्ष आहे; लहानशा घड्याळी लेथवर तो आजही कातता येतो. किल्लीचा दांडा कानशीने घडवता येतो. झिजून रुंद झालेल्या भोकात पितळेची बारीक नळी बसवून ते पुन्हा मापात आणता येते. ही कामे येणारे हात मात्र फार थोडे उरले आहेत. सेल आणि पट्टे बदलण्यावर ज्याचे दुकान चालते, त्याने दिवसभर एका स्टाफवर घालवावा अशी अपेक्षा कोणी कोणत्या तोंडाने करावी? त्या दिवसाची मजुरी द्यायला ग्राहक तयार नसतो. घड्याळाच्या बाजारभावापेक्षा दुरुस्ती महाग, असे म्हणून तो उठून जातो. व्यवहार म्हणून त्याचे बरोबरच आहे. पण कपाटातून घड्याळ घेऊन तो निघाला होता तेव्हा व्यवहार पाहून निघाला नव्हता.

'मुंबई स्पेशल'

भागांच्या टंचाईतून एक वेगळाच धंदा उभा राहिला आहे. चार घड्याळांचे अवयव एकत्र करायचे, केसला पॉलिश करायची, तबकडी नव्याने रंगवून त्यावर भपकेदार अक्षरे छापायची आणि 'दुर्मीळ, जुने, चालू स्थितीत' म्हणून विकायचे. परदेशी संग्राहकांनी अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' असे नाव ठेवले आहे. ते कौतुकाने दिलेले नाही. एचएमटी बंद झाल्यावर जुन्या मॉडेलांना शौकिनांची मागणी वाढली आणि पायलटच्या काळ्या तबकड्याही नव्याने छापल्या जाऊ लागल्या. मूळ कंपनीने कधी न काढलेल्या रंगांतही त्या दिसतात.

जुनी घड्याळे विकत घेणाऱ्यांना यातून फसवणुकीचा धोका आहे. कपाटातले घड्याळ दुरुस्तीला देणाऱ्यांना धोका आहे तो वेगळा. तबकडी जरा डागाळलेली दिसली की 'नवी करून देतो' असे सुचवले जाते आणि मालक हो म्हणतो. परत येते ते चकचकीत, पण अनोळखी घड्याळ. ज्या पिवळट तबकडीकडे पाहून आजोबा गाडीची वेळ गाठत, ती खरवडून गेलेली असते. तबकडी, काटे आणि केस यांना हात लावू नये, केवळ यंत्र दुरुस्त करावे, असे देतानाच सांगून ठेवणे बरे. बदललेले भाग पुडीत परत मागावेत. चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही. द्यायच्या आधी झाकण उघडून यंत्राचा फोटो काढून ठेवला, तर दोघांचीही सोय होते.

अंधारात चमकणाऱ्या काट्यांबाबत मात्र सावधगिरी हवी. साधारण १९६० पूर्वीच्या अनेक घड्याळांत हा रंग खऱ्या रेडियमचा असे. त्याची चमक केव्हाच विझलेली असते. किरणोत्सर्ग विझलेला नसतो, कारण रेडियमचे प्रमाण निम्मे व्हायला सुमारे १,६०० वर्षे लागतात. बंद घड्याळ कपाटात असताना भीती नाही. पण तो वाळलेला रंग घरी खरवडू नये आणि त्याची धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नये. रस्त्याकडेला बसून अशी शेकडो घड्याळे उघडलेल्या कारागिरांना हे कोणी सांगितले असण्याची शक्यता कमीच.

डबे जातात कोठे

जुन्या कारागिराची खरी पुंजी त्याच्या हत्यारांत नसते. ती असते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत, औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत आणि काडेपेट्यांत. चाळीस वर्षांत ग्राहकांनी परत न नेलेली घड्याळे, काढून ठेवलेली चाके, कधी तरी लागेल म्हणून जपलेल्या कमानी. कोणत्या डब्यात काय आहे ते त्याच्या एकट्याच्याच डोक्यात असते. नजर अधू झाली, हात कापू लागला की दुकान बंद होते. मुलगा दुसऱ्या कामाला लागलेला असतो. मग घरातले ते डबे भंगारवाल्याला वजनावर देऊन टाकतात.

जालना ही भंगार वितळवून सळया बनवणाऱ्या कारखान्यांची नगरी. घड्याळाच्या डब्यातले पितळ वेगळे काढले जाते आणि पोलादाचे कण कोणाच्या खिजगणतीतही नसतात. अर्धा किलो पितळात किती घड्याळांचे राहिलेले आयुष्य होते, याची मोजदाद होत नाही. एखाद्या संग्राहकाला वेळेवर सुगावा लागला तर तो डबेच्या डबे उचलतो. पण बहुधा खबर उशिराच येते. कारागीर हयात असताना डब्यांवर नुसते कॅलिबर क्रमांक लिहून चिठ्ठ्या चिकटवल्या, तरी पुढच्या माणसाचे निम्मे काम होते. जुन्या एचएमटीचे भाग आज जेथे मिळतात, तेथे ते बहुतेक अशाच कोणाच्या तरी डब्यातून आलेले असतात.

कपाटातले घड्याळ बाहेर काढणाऱ्याने मागचे झाकण उघडल्यावर त्याच्या आतली बाजू उजेडात तिरकी धरून पाहावी. तेथे सुईने कोरलेले बारीक आकडे आणि खुणा दिसतात. घड्याळ ज्या ज्या वेळी उघडले गेले, त्या त्या कारागिराने कोरलेली ती तारीख किंवा सही असते. त्यातली शेवटची खूण किती जुनी आहे, ते घड्याळजीला आधी सांगावे. तेवढ्यावरून भाग शोधायचा की आधी तेल धुवायचे, याचा त्याला अंदाज येतो.